न आलेले राघू

माळावरच्या एका वाडीत धुळाप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ राहत होता. वाडीजवळच्या ओढ्याच्या दरडीत दर फाल्गुनात वेडे राघू घरटी करायला येत. ते हिरवे, चिमुकले पक्षी दिसले की थंडी सरली असं वाडी समजे आणि मगच मेंढरांची लोकर कातरायला घेई. पक्षी पाहायचं काम धुळाप्पाचं. तीस वर्षं तो रोज सकाळी दरडीसमोर बसत आला होता. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता.

त्या वर्षी होळी पेटून गेली तरी थंडी हलेना. दरड ओकीबोकी. लोकर घेणारा व्यापारी मात्र येऊन थांबलेला.

"आबा, दिसले का राघू?" रोज कुणीतरी विचारी.

"नाही," धुळाप्पा म्हणे.

आठव्या दिवशी वाडीतला तरणा मेंढपाळ मारत्या पारावर सगळ्यांदेखत हसला. "राघू कधीच आलेत. आबांनाच दिसत नसतील. उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

ते हसू धुळाप्पाच्या काळजात रुतलं. दुसऱ्या सकाळी दरडीवर नुसतं धुकं होतं. एक पीसही दिसलं नाही. तरी पारावर येऊन तो म्हणाला, "आले. जोडी पाहिली मी."

दिवसभर कातरी चालल्या. स्वतःच्या मेंढरांचं मात्र तो आज-उद्या करत राहिला.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचं वारं सुटलं, सोबत गार पाऊस. उजाडलं तेव्हा चाळीस मेंढरं उघड्या अंगाने ताठ होऊन पडली होती. त्यांत कोंडाबाईची नऊच्या नऊ. त्या बाईला दुसरा आधार नव्हता.

"आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांचा काय दोष?" लोक म्हणाले. मारत्यानेही मान डोलावली.

कोंडाबाई धुळाप्पाच्या कळपाकडे बघत होती. "आबा, मग तुमची का नाही कातरलीत?"

"डोळे धड आहेत, कोंडा," धुळाप्पा म्हणाला. "मी राघू पाहिलेच नव्हते. मारत्याचं हसणं सोसवलं नाही मला."

कुणी शिवी दिली नाही. धुळाप्पाने आपली सगळी मेंढरं कोंडाबाईच्या दारात हाकली. तिने ती आत घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. मग कुदळ घेऊन तो एकटाच खड्डा खणायला गेला. दिवस मावळला तरी चाळीस मेंढरांना पुरेल एवढा खड्डा झाला नव्हता.

तात्पर्य: आपला मान राखायला न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नये, आपल्या शब्दावर विसंबलेल्यांचा त्यात घात होतो.