हुकूम न ऐकणारी नदी

तर बाळांनो, सरका जवळ. लांबच्या मुलखात एक राणी होती. हंसा तिचं नाव. तिचे प्रांत तीन. एक डोंगराचा, एक माळाचा, एक किनाऱ्याचा. आणि सिंहासन जादूचं! त्यावर बसून राणी जे बोलेल, ते तिन्हीकडे तस्संच व्हायचं, बरं का.

राणी होती मायाळू. एकदा तिला भात फार गोड लागला. म्हणाली, "माझ्या सगळ्या लेकरांच्या शेतात भातच पिको!" मग काय, डोंगरावरची नाचणी गेली, भात आला आणि पाण्यावाचून करपला. मग घाबरून म्हणाली, "पाऊस पडो!" तर किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी सडली. मग म्हणाली, "ऊन पडो!" तर माळावरच्या विहिरी आटल्या. राणीला रडूच कोसळलं.

मग डोंगरावरून धोंडाबाई आली, माळावरून गणबा पाटील, किनाऱ्यावरून होड्या हाकणारा हिरू तांडेल. धोंडाबाई भीड ठेवणारी नव्हती. म्हणाली, "राणीबाई, तुमची माया खरी. पण आमच्या चुलीवर काय शिजवायचं, ते आमचं आम्हाला ठरवू द्या की!"

"मग मी कशाला हवी?" राणीनं विचारलं.

"असं कसं?" गणबा म्हणाला. "शत्रू आला तर एकट्या माळानं लढायचं होय?"

मग चौघं भांडली, जेवली, पुन्हा भांडली. शेवटी ठरलं. शेत आणि चूल ज्याची त्यानं बघायची. नदी, रस्ते, राखण सगळ्यांनी मिळून. आणि ठरलेलं राणीलाही लागू! मग राणीनं सिंहासनाला सांगितलं, "आजपासून माझ्या एकटीचं ऐकू नकोस. आम्ही चौघं म्हणू, तेच ऐक."

सुखाचे दिवस आले. पण एकदा राणीची लेक शेवंती तापानं फणफणली. वैद्य म्हणाले, "हिला हलवू नका. अंगावर नदीच्या ताज्या पाण्याची धार धरा, तुटू देऊ नका."

राणी धावत सिंहासनावर बसली. "नदी, माझ्या दारी ये!"

नदी हलली नाही.

मग राणीनं तिघांना बोलावलं. हात जोडून म्हणाली, "एकदाच हो म्हणा."

हिरू तांडेलाचे डोळे भरले. "नदी वळवली तर खालची गावं तहानेनं मरतील, राणीबाई. तिथंही लेकरं आहेत."

राणीनं लेकीच्या खोलीकडे पाहिलं. तरी हळूच म्हणाली, "खरं आहे तुमचं."

मग धोंडाबाईनं पदर खोचला. "नदी नाही आणता येत. पण घागरीला कोण अडवतंय?"

आणि मग काय सांगू! डोंगरची माणसं आली, माळाची आली, किनाऱ्याची आली. नदीपासून राणीच्या दारापर्यंत रांग लागली. या हातातून त्या हातात घागरी. धार म्हणून तुटली नाही. शेवंतीचा ताप उतरला. ती उठून बसली, म्हणाली, "आई, भूक लागली."

राणी हसली आणि रडलीही. हुकूम चालला असता तर नदी आली असती. पण ही माणसं आली नसती.

मग सगळी सुखानं नांदली. आता मिटा डोळे. आणि पांघरूण तुम्हा तिघांचं आहे, एकट्यानं ओढायचं नाही, कळलं?