पायाशी ठेवलेल्या गोळ्या

“...आणि गोळीनंच मन ताळ्यावर येणार असेल, तर मग गुरू कशाला करायचा, आई?”

असं विचारून विश्वंभरबुवांनी गोळ्यांचं पाकीट आपल्या गुरूच्या, मठातल्या चिमाईच्या पायाशी ठेवलं. काशीला जाऊन माणसं आवडती भाजी सोडून येतात ना, तसं. वर हात जोडले.

“सोडल्या. महिना झाला.”

बुवा म्हणजे पंचक्रोशीत गाजलेले कीर्तनकार. मन खंबीर ठेवा, म्हणून लोकांना खडसावणारे. त्याच मनानं वर्षभरात त्यांना दगा दिला होता. डोळ्याला डोळा लागेना. कीर्तनाला उभं राहिलं की छाती अशी धडधडे, जणू मंडपालाच आग लागलीय. लहानपणापासून पाठ असलेला अभंग ओठांवर येऊन विरून जाई.

नदीकाठच्या मठात दुपार तापली होती. चिमाई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“म्हणे, सततच्या काळजीनं मेंदू थकतो. भीतीची घंटा एकदा वाजायला लागली की थांबत नाही. झोप, भूक, आठवण, सगळं त्या गोंगाटात बुडतं. गोळ्या घ्या, दर आठवड्याला येऊन बोला. वेळ लागेल, पण उतार पडेल.” बुवा कडवट हसले. “मी बोलायचं! चार गावं ज्याचं ऐकतात, त्यानं तिथं बसून रडगाणं गायचं?”

“मग? सोडून बरं वाटलं?”

“काल घाटावर गेलो होतो,” बुवा मेथीची एक काडी उचलून मोडत म्हणाले. “शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. पाणी... बरं वाटलं, आई.”

चिमाईचे हात थांबले.

“आत्ताही वाटतंय तसं?”

“...थोडं.”

“सांगितलंस, बरं केलंस.” मेथीची जुडी तिनं बाजूला सारली. मग कडाडली, “मला मोतीबिंदू झाला, तेव्हा तूच मला गाडीत घालून नेलंस ना रे? अंतर्दृष्टीनं बघा, असं का नाही म्हणालास?”

“डोळा देहाचा असतो, आई.”

“आणि मेंदू काय शेजाऱ्याचा?”

बुवांनी पाकीट तिच्या पायाशी आणखी थोडं सरकवलं.

“आणि सोडायचं, ते आवडतं सोडायचं असतं. गोळ्या आवडत होत्या तुला?”

“नाही.”

“मग तुझं आवडतं कुठंय? ते काही पायाशी दिसत नाही मला.”

“चार गावांतला मान,” बुवा खाली बघत पुटपुटले.

चिमाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पाकीट उचललं, देवापुढे ठेवलं, वर तुळशीचं पान ठेवलं. घटकाभर तशीच उभी राहिली. मग पाकीट घेऊन आली आणि पायात चपला सरकवल्या.

“चल, डॉक्टरीणबाईंकडे. आत्ताच. मी येते सोबत. घाटाचंही तिथं सांगायचं, गाळायचं नाही. हे कसं नि किती घ्यायचं ते त्या सांगतील. हात पुढे कर.”

जन्माची सवय. बुवांचा उजवा हात आपसूक पुढे आला, डावा त्याच्याखाली. तळहातावर पाकीट पडलं, तुळशीच्या पानासकट.

ते चटकन परत द्यायला गेले...

“प्रसाद आहे, बुवा,” चिमाई म्हणाली. “आता म्हणा नाही.”