अंबिका बोलते तेवढंच

"माय, वत्सला तुमच्याशी दोन-दोन तास बोलते तरी काय?"

माय मठाच्या ओट्यावर कापसातून सरकी काढत बसली होती. तिने मान वर केली नाही.

विचारणारे उमाळकर सर होते, कॉलेजातून निवृत्त झालेले. वत्सला त्यांची बायको. दर सोमवारी ती मठात येते, मायजवळ बसून सरकी काढते आणि बोलत राहते. कधी हसतेसुद्धा. सरांना हे कुणीतरी सांगितलं होतं.

घरी ती बोलत नाही, असं ते म्हणाले. भांडण नाही, रुसवा नाही. घरात दोघंच. चहा समोर ठेवते, 'हं' म्हणते, आत जाते. मागे ताप आला तेव्हा तीन दिवस उशाशी बसून होती. तेव्हाही एक शब्द नाही.

मी मठातला सेवेकरी, पलीकडे तुळशीला पाणी घालत होतो. माणूस ताठ होता, पण आवाज रिकाम्या घरातल्यासारखा येत होता.

"आणि बाईचं मन मला कळत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही," सर म्हणाले. "त्यावर माझं पुस्तक आहे."

त्यांनी पिशवीतून दोन पुस्तकं काढली. एक दीडशे वर्षांपूर्वीची कादंबरी. दुसरं सरांचं, त्या कादंबरीतल्या अंबिकेवर लिहिलेलं. ते दुप्पट जाड होतं.

मायने ते हातात तोलून पाहिलं.

"बाईच्या दुःखाला चांगलं वजन आलंय रे."

सरांना ती स्तुती वाटली. ते अंबिकेचं सगळं सांगू लागले. लहानपणी झालेलं लग्न, सासुरवास, मांडीवरचं पोर गेलं ते. तिच्यावर लिहिताना आपण दोनदा रडलो, हेही सांगितलं.

माय म्हणाली, मला अक्षर येत नाही, वाचून दाखव. सरांनी कादंबरीचं पहिलं पान काढलं.

"सगळं नको. अंबिका बोलते तेवढंच वाच."

सर हसले. पानं उलटू लागले.

"'पाणी तापले आहे.'"

मग नुसती पानं...

"'आपण म्हणाल तसे.'"

पुन्हा पानं. सरकीची वाटी भरली. मायने दुसरी घेतली.

"इथे ती मनात म्हणते की..."

"मनातलं कुणी लिहिलं?"

"लेखकाने."

"मग ते त्याचं. तिचं वाच."

पोर जातं ते प्रकरण आलं. सरांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं. पान उलटलं. आणखी एक. तिथे नवरा बोलत होता, सासरा बोलत होता, वैद्य बोलत होता.

"हं?" माय म्हणाली.

"इथे ती... काही बोलत नाही."

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. अगदी शेवटच्या पानावर एक ओळ सापडली.

"'दिवा बारीक करावा.'"

सरांनी पुस्तक मिटलं. स्वतःचं उचललं, पण उघडलं नाही. ते खालच्या नदीकडे बघू लागले.

"आमची मीनू गेली तेव्हा सहा वर्षांची होती," ते म्हणाले. "एकवीस वर्षं झाली. मी तिच्यावर लेख लिहिला होता. लोकांची खूप पत्रं आली."

"वत्सला काय म्हणाली तेव्हा?"

सर पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवू लागले.

"आठवत नाही."

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज. मग तोही थांबला.

सर उठले. एक पायरी उतरले, वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माय, आता घरी जाऊन तिला काय सांगू?"

मायचे हात थांबले. तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं, आजारी लेकराकडे पाहावं तसं.

"अजून सांगायचंच आहे का रे तुला?"