टिटवीबाईंची अट

नदीकाठच्या एका माळावर एक टिटवी शाळा चालवत असे. शाळेत धडा एकच, पण जिवाशी गाठ असलेला. बाईंनी हाक दिली, की पिल्लांनी जमिनीला चिकटून निपचित पडायचे, म्हणजे घारीला ती दिसत नाहीत. तरीही दर उन्हाळ्यात घार एकदोन पिल्ले उचलून नेईच. असे का होते ते टिटवीला कळेना. त्या काळजीने तिच्या घशाखाली किडासुद्धा उतरत नसे.

पलीकडच्या देवराईत मोठ्या पक्ष्यांचे विद्यापीठ होते. तिथला एक करकोचा अधूनमधून शाळेत येई. स्वभावाने तो वाईट नव्हता हो, मुलांनो, पण मोजण्याचे त्याला भारी वेड. "बाई, पुन्हा एकदा हाक द्या," असे तो दिवसातून दहादा म्हणे. किती पिल्ले पडली, किती वेळ पडून राहिली, सगळे टिपून घेई आणि उडून जाई. विद्यापीठात त्याच्या व्याख्यानाला सगळे माना डोलवत. माळावर मात्र त्यातला एक शब्दही परत येत नसे.

एके दिवशी खरोखरच घार आली. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली, पण पिल्ले आपली उभीच! "करकोचेकाका मोजायला आले असतील," म्हणत एकाने तर जांभई दिली. टिटवीने घारीच्या अंगावर झेप घेतली म्हणून ते पिल्लू वाचले. तिची स्वतःची मात्र चार पिसे गेली.

दुसऱ्या दिवशी करकोचा आला, तशी टिटवीने त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. "करकोचेराव, तुमच्या मोजणीपायी माझ्या हाकेची किंमत गेली! यापुढे इथे मोजायचे असेल, तर आधी माझा प्रश्न घ्या. निपचित पडलेली पिल्ले घारीला दिसतात कशी? आणि जे कळेल ते पहिल्यांदा या माळावर सांगायचे. विद्यापीठात सांगायला मीही येईन."

करकोच्याची मान खाली गेली, आणि लांब असल्यामुळे बरीच खाली गेली. "चुकलो, बाई. पण हे मला एकट्याला कळायचे नाही. मी घारीइतका उंच जातो, तुम्ही पिल्लांना ओळखता. दोघे मिळून पाहू."

करकोचा वर गेला. टिटवीने खालून हाक दिली, तशी पिल्ले जिथे होती तिथेच निपचित पडली. "हिरवळीवरची तिन्ही दिसतात! दगडगोट्यांमधली त्यांच्याच रंगात मिसळतात, दिसत नाहीत!" वरून आवाज आला. "हिरवळीवर किडे जास्त, म्हणून ती तिथे जातात," टिटवी म्हणाली. दोघांनी मिळून नवा धडा बसवला. चरायचे ते गोट्यांच्या कडेकडेने, आणि हाक आली की गोट्यांमध्येच पडायचे. सरावाची हाक दिवसातून एकदाच.

आठ दिवसांनी करकोचा आकाशात असतानाच घार आली. टिटवीने हाक दिली. घारीने दोन घिरट्या घातल्या आणि ती रिकाम्या पंजांनी निघून गेली.

"करकोचेराव, किती मोजलीत?" टिटवीने खालून विचारले.

"बाई," इतकी वर्षे मोजत आलेला तो करकोचा आनंदाने ओरडला, "एकही दिसत नाही!"

तात्पर्य : ज्यांच्याकडून शिकायचे, त्यांचा प्रश्नही आपलाच मानावा. दोघांनी मिळून शोधलेले ज्ञानच दोघांच्या उपयोगी पडते.