तिसऱ्या चिंचेखालची रखमा

फार जुनी गोष्ट. नदीच्या अलीकडे रखमा साळिंदर राहायची. काटा काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पलीकडे दगडू रानडुकराच्या पायात काटा मोडला, तेव्हा नदीवर ओणवलेल्या फांद्यांवरून आलेल्या टिवल्या माकडाला त्याने विचारलं, "रखमा कुठे भेटेल रे?"

"तिसऱ्या चिंचेखालच्या बिळात," टिवल्या म्हणाला. कुठल्या काठावरची चिंच, ते काही त्याने सांगितलं नाही.

दगडूने लंगडत जाऊन आपल्याच काठावरच्या तिसऱ्या चिंचेखाली तोंड घातलं. तिथे गांधीलमाश्या होत्या! दगडूचे डोळे सुजून मिटले. टिवल्या हसता हसता फांदीवरून खाली पडला, तो नेमका दगडूच्या पुढ्यात. दगडूने त्याची शेपटी दाबून धरली. "रखमाला आणतोस की तुडवू?"

"आणतो, आणतो!"

पण रखमाला ना पोहता येई, ना झाडावर चढता. ती म्हणाली, "त्याचं दुखणं मला येऊन सांग. मी सांगेन ते तिकडे कर. मधे आपली अक्कल घालू नकोस."

काटा सरळ की तिरका, वर की खोल, असं विचारत टिवल्याने चार खेपा घातल्या. शेवटी रखमाने दिलेल्या काट्याने त्याने दगडूचा काटा अलगद काढला.

"रखमाबाई, हात हलका आहे हो तुमचा!" डोळे मिटलेला दगडू म्हणाला.

टिवल्याने बारीक आवाज काढला, "काळजी घ्या हं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पलीकडचं सगळं रान पाय वर करून टिवल्यापुढे रांगेत उभं होतं. ससा मुंगसाला सांगत होता, "शेपटी जरा लांब आहे, पण बाई गुणाची."