फिरत्या मठाचा टप

"माझं काय चुकलं, बुवा?"

बुवा तांदूळ निवडत होते. बोटांनी चाचपून त्यांनी एक खडा काढला आणि बाजूला टाकला.

"कशात?"

"टपाचं काम तुम्ही अच्युतला दिलंत."

"टप गळतोय."

"दरवर्षी मीच बुजवतो ना!"

"दरवर्षी," बुवा म्हणाले, आणि पुन्हा तांदळाकडे वळले.

हैबती तिथंच उभा राहिला. अजून काहीतरी ऐकायला मिळेल असं त्याला वाटत होतं. मिळालं नाही.

बुवांना मठ नव्हता. गाडी होती. कुठल्याशा जिल्ह्यातला फिरता दवाखाना भंगारात निघाला, तेव्हा एका भक्तानं तो घेऊन बुवांपुढे उभा केला. औषधांच्या कपाटात भांडी गेली. रोग्याला झोपवायच्या बाकावर बुवा झोपू लागले. पाण्याची टाकी बसली, स्टोव्ह आला, शिष्यांसाठी झोपायच्या फळ्या ठोकल्या गेल्या. गावोगाव जायचं, देवळाच्या आवारात गाडी लावायची, माणसं येतील त्यांच्याशी बोलायचं. लोक तिला फिरता मठ म्हणत. बुवा तिला गाडी म्हणत.

गाडी म्हातारी. आज खिडकीचं रबर गेलं, उद्या दाराची बिजागरी, परवा टाकीचा नळ. गॅरेजवाल्यांना ती लांबून दिसली तरी त्यांना अचानक दुसरी कामं आठवायची. त्यामुळे डागडुजी सगळी घरच्या घरी. ती हैबतीनं केली. आणि ती हैबतीनं केली हे सगळ्यांना कळावं, याची काळजीही हैबतीनंच घेतली.

टपाचं म्हणाल तर जिथं टपकेल त्याच्या बरोबर वर हैबती काहीतरी थापायचा. आधी डांबर. मग डांबरावर सिलिकॉन. मग त्यावर गोणपाट, गोणपाटावर निळा रंग. थरावर थर चढत गेले आणि पाणी आपलं येतच राहिलं.

बुवांची नजर आता अधू झाली होती. या मुक्कामानंतर घाट उतरायचा होता, आणि तो दुसऱ्या कुणीतरी उतरवायचा होता. ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याच्याच हाती पुढं सगळं, हे कुणी बोललं नव्हतं, पण ठरल्यासारखं होतं. तो माणूस हैबती, असं लोक धरून चालले होते. हैबती तर लोकांच्याही आधीपासून.

मग अच्युत आला. नाटक कंपनीत पडदे टांगण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. कंपनी बुडाली, हा बुवांकडे आला. फारसा बोलायचा नाही. पण बुवा त्याच्याशी बोलताना हसायचे.

हैबतीशी बुवा कामाचं बोलायचे.

ते हसणं हैबतीला नेमकं जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच फिरत राहायचा. हैबती जळत होता. त्याला दुसरा शब्द नाही.

अच्युत टपावर चढला तो खुरपं घेऊन. त्यानं थापायला सुरुवात केली नाही. खरवडायला केली.

गोणपाटाचे, डांबराचे, सिलिकॉनचे तुकडे खाली पडू लागले. हैबती खालीच होता.

"दादा, हे निळं कधीचं हो?" अच्युतनं वरून विचारलं. खरंच विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं.

"मला काय ठाऊक!"

"चांगलं चिकटलंय. पण पत्र्याला नाही, खालच्या थराला."

झाडाखाली बसलेले बुवा हसले.

हैबतीनं तुकडे गोळा केले आणि आवाराबाहेर नेऊन टाकले. परत येताना त्याचे डोळे भरले होते. धूळ गेली, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं.

पत्रा उघडा झाल्यावर अच्युत बादली आणि तांब्या घेऊन वर गेला. "दादा, मी इथं जरा जरा पाणी सोडतो. तुम्ही आत बघा, कुठं टपकतंय."

हैबती आत गेला. कारण बुवा बघत होते.

काम किचकट होतं. अच्युत वर वीतभर जागा भिजवायचा, थांबायचा, विचारायचा. हैबती आतून "नाही" म्हणायचा. पुन्हा पुढची वीत. दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी तेच. शेवटी बुवांच्या बाकावर थेंब पडला तेव्हा अच्युत पार मागच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर पाणी ओतत होता. बाक होता पुढं, ड्रायव्हरच्या पाठीशी.

"शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे," अच्युत खाली उतरत म्हणाला. "पत्रा आणि प्लायवूडच्या मधनं वाहत येतंय. गाडी उताराला लावलीय ना."

"हे तू मला शिकवू नकोस."

"तसं नाही हो, दादा. मलाच आत्ता कळलं."

अच्युतनं सांधा घासला, पुसला, वाळू दिला आणि मग नवा बुजवला. वरच्या कॅरिअरचा एकेक बोल्ट काढून त्याखाली टायरच्या ट्यूबचे कापलेले वॉशर बसवले. टपावर बादल्यांनी पाणी ओतलं. आत बाक कोरडा राहिला.

बुवांनी बाकावरून हात फिरवला. उशी दाबून पाहिली. मग म्हणाले, "अच्युत, उद्या जरा स्टिअरिंगवर बसून बघ रे."

"मी? मला घाट नाही जमायचा, बुवा."

"बसून तर बघ."

हैबती चहाची भांडी घासत होता. त्यानं तेच पातेलं दुसऱ्यांदा घासलं, मग तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अच्युत कपडे धुवायला ओढ्यावर गेला. बुवांना झाडाखाली डुलकी लागली होती.

हैबती शिडी चढला.

आपण नक्की काय करणार आहोत हे चढताना त्याला माहीत नव्हतं, असं तो नंतर म्हणाला असता तर ते खोटं झालं असतं. पाना त्याच्या हातात होता. मागच्या बाजूचा कॅरिअरचा एक बोल्ट त्यानं ढिला करून उपसला, खालचा वॉशर ओढून काढला, आणि बोल्ट नुसता टेकवून ठेवला. वॉशर त्यानं बंडीच्या खिशात टाकला.

खाली उतरला तेव्हा त्याला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. चारच्या चहात त्यानं अच्युतला साखर जास्त घातली.

घाटमाथ्यावर पावसाला बोलवावं लागत नाही. चहा संपायच्या आत ढग उतरले आणि सर कोसळली. तिघंही गाडीत शिरले, दार ओढून घेतलं.

थोडा वेळ नुसता टपावरचा आवाज.

मग... टप्.

बुवांच्या बाकावर. उशीवर.

टप्. टप्.

अच्युत पांढरा पडला. "असं कसं? मी तपासलं होतं..."

"म्हातारी गाडी आहे ही," हैबती म्हणाला. "तिला ओळखायला वर्षं जावी लागतात. आल्या आल्या खुरपं चालवून भागत नाही."

अच्युतनं मान खाली घातली. तो बुवांची उशी उचलून स्वतःच्या पंच्यानं पुसू लागला.

बुवांनी थेंबाखाली तळहात धरला. दोन-चार थेंब पडू दिले.

"हैबती, तू बघतोस?"

हेच. हेच ऐकायला तो किती दिवस थांबला होता. पाना घेऊन तो भर पावसात बाहेर पडला. शिडीवर त्याची पावलं वाजली, मग टपावर वाजली. पावलं पुढं आली नाहीत. सरळ मागं गेली. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा.

टप्...

टप्...

आणि थांबलं.

हैबती आत आला. केसांतून पाणी गळत होतं, दाढीतून गळत होतं. चेहरा मात्र फुललेला होता.

"झालं," तो म्हणाला.

अच्युत ताडकन उठला. त्यानं हैबतीचे दोन्ही ओले हात धरले.

"दादा! मला एक सांधा शोधायला दोन दिवस लागले. तुम्ही गेलात काय, आलात काय! पावसात, पाणी न ओतता! कसं ओळखलंत?"

हैबती हसला.

"सांगा ना, दादा. मला शिकायचंय. टपकत होतं इथं, पुढं. मागच्याच बोल्टचं आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

हैबतीनं तोंड उघडलं. पत्र्याच्या आवाजावरून, असं सांगता आलं असतं. वर्षांचा अनुभव, असंही सांगता आलं असतं. अच्युतनं दोन्ही खरं मानलं असतं, आणि बहुधा जन्मभर गावोगाव सांगितलंही असतं.

बाहेर पाऊस वाजत होता. बुवा हैबतीकडे बघतही नव्हते. कोरडी झालेली जागा ते बोटांनी चाचपत होते.

"दादा?"

आजवर कुणी हैबतीकडे असं बघितलं नव्हतं. हवं होतं ते हेच होतं. अगदी हेच. आणि ते असं समोर आलं होतं की त्याला घेता येत नव्हतं.

त्यानं हात सोडवून घेतले.

"मीच ढिला केला होता."

"काय?"

"बोल्ट. दुपारी. तू ओढ्यावर होतास. वॉशर माझ्या खिशात होता. आत्ता तोच परत बसवला."

अच्युतला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो फळीवर खाली बसला. रागावला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर हैबतीला सोपं गेलं असतं.

"का, दादा?"

"तुला स्टिअरिंगवर बसायला सांगितलं म्हणून. तुझ्याशी हसतात म्हणून. माझ्याशी..." हैबती बुवांकडे वळला. "तुम्ही माझ्याशी कधी हसला नाहीत, बुवा! इतकी वर्षं मी बिजागऱ्या बसवतोय, नळ बसवतोय... एकदा तरी!"

बुवांनी मान वर केली. त्यांचे अधू डोळे हैबतीचा चेहरा शोधत राहिले.

"नाही हसलो," ते म्हणाले. "चुकलं."

हैबतीला ओरडा हवा होता. तो आला नाही. त्यानं आपलं बोचकं फळीखालून ओढलं. धोतर, शाल, तांब्या. सगळं त्यात कोंबू लागला.

पाऊस ओसरला. अच्युतनं दार उघडलं. ढग घाटाच्या खाली उतरले होते आणि रस्ता धुऊन निघाला होता.

"आता निघायला हवं," बुवा म्हणाले. "अंधाराच्या आत खाली पोचू."

"तुम्ही निघा," हैबती म्हणाला. "मला कुणीतरी एसटी दाखवेल." तो बोचकं घेऊन उतरायला लागला.

बुवांनी कनवटीची चावी काढली. अंदाजानं हात पुढं केला. तो हात हैबतीच्या बाजूला होता.

हैबती पायरीवर थांबला.

"अच्युत तिकडं आहे, बुवा."

"ठाऊक आहे."

"मी हैबती."

"ओल्या कपड्यांचा वास येतोय. ठाऊक आहे."

हैबतीनं चावीकडं बघितलं. दुपारपर्यंत याच चावीसाठी त्यानं काय वाटेल ते केलं असतं. केलंच होतं.

"मला नको," तो म्हणाला. बोचकं पायरीवर ठेवून हात त्यानं पाठीमागं नेले. "मला भीती वाटते, बुवा. माझ्याच हाताची भीती वाटते. आत तुम्ही झोपलेले असणार, तो असणार, आणि शेजारी दरी. अच्युतला द्या. त्यानं कधी कुणाचं वाईट केलं नाही."

"नाही केलं."

"मग?"

बुवांनी चावी त्याच्या पाठीमागच्या मुठीत कोंबली आणि ती मूठ आपल्या हातानं मिटवली.

"त्याला अजून ठाऊक नाही, आपला हात काय करू शकतो ते. घाट तू उतरव."