ओवाळणीचे तीन हंडे

एका राज्यात, जिथे साळुंक्या दरबाराचे निरोप पोचवत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, धवलसेन नावाचा राजा होता. त्याच्या तळघरात सोन्याने भरलेले तीन कुलूपबंद हंडे होते आणि हंड्यांवर एक यक्ष बसलेला होता. यक्षाचा नियम सरळ होता. सोनं खुशाल न्यावं, पण तीन वर्षांत वजनाला तितकंच परत आणून ठेवावं. नाहीतर ज्याच्या हुकमाने सोनं हललं, त्याचं मूल पायांपासून दगड होत जाईल, रोज बोटभर वर.

एके वर्षी नदीपलीकडच्या राज्यात महापूर आला. तिथली राणी मृगावती ही धवलसेनाची धाकटी बहीण. तिचा नवरा अरिमर्दन गुपचूप आला आणि मान खाली घालून सोनं मागू लागला. तीन वर्षांत फेडतो म्हणाला. धवलसेनाने होकार दिला, नियमही सांगितला. पण मेहुण्याच्या हातावर उसनं ठेवायचं कसं, राजाच तो! दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेला बहिणीने ओवाळलं, तेव्हा धवलसेनाने तिन्ही हंड्यांच्या किल्ल्या तिच्या ताटात टाकल्या. हे परत द्यायचं आहे, असं तिला कुणीच सांगितलं नाही. नवऱ्याला लाज वाटली, भावाला संकोच. आता काय म्हणावं अशा शहाण्यांना!

तीन वर्षं सरली. अरिमर्दन विषय काढेना, धवलसेन विचारेना. मग एके सकाळी राजाची दहा वर्षांची लेक कुमुदिनी म्हणाली, की माझी पावलं उचलत नाहीत. राजाने हात लावून पाहिलं. बोटं दगडाची झाली होती.

तो धावत तळघरात गेला. त्याच्या खजिन्यात दुसरं एवढं सोनं नव्हतं, म्हणून मुदत वाढवून मिळेल का, असं त्याने विचारलं. यक्ष म्हणाला, "मुदत वाढत नाही. आणि सैन्य नेऊन लुटलेलं सोनं मी ठेवून घेत नाही. दगड छातीला पोचला, की माझ्याही हातात काही राहणार नाही."

राजा बहिणीकडे पहिल्यांदा गेला तो घोड्यावरून, एकटाच. मृगावती दारापर्यंत धावत आली. तिने सांज्याच्या पोळ्या केल्या, आग्रह करकरून वाढल्या, आणि वाढता वाढता दासींना सांगत राहिली, की माझ्या दादाच्या ओवाळणीने हे राज्य उभं राहिलं. राजाने मेहुण्याकडे पाहिलं, तर मेहुणा हत्तींच्या आजारपणाबद्दल बोलू लागला. राजा हात धुऊन परत आला. दगड लेकीच्या घोट्यांवर चढला होता.

दुसऱ्यांदा त्याने साळुंकीला धाडलं. तिला एकच वाक्य शिकवलं, त्यातही आठ दिवस गेले. ती गेली, डाळिंबाचे दाणे खाऊन आली आणि म्हणाली, "महाराज, राणीसाहेब तुमची खुशाली विचारत होत्या. त्यांच्यासमोर मला ते बोलवेना." राजा तिच्यावर संतापला. अहो, त्या पाखरावर काय डाफरायचं? स्वतः तरी कुठे तोंड उघडलं होतं!

दगड कमरेला आला, तेव्हा कुमुदिनीने विचारलं, "बाबा, आत्याला माहीत आहे का?" राजाने घोडा काढला.

तिसऱ्यांदा तो पाटावर बसला नाही. उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "मृगा, ते सोनं उसनं होतं. मला परत पाहिजे."

ती हसली. ओवाळणी कधी कुणी परत मागतं का, म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिचं हसू गेलं. धवलसेनाने यक्षाचं आणि लेकीचं सगळं सांगितलं. तिला फार लागलं, पण रडायला ती थांबली नाही.

"कुठपर्यंत आलाय दगड?"

"कमरेपर्यंत."

एक हंडा तसाच होता. भावाची आठवण म्हणून तिने त्याला हात लावला नव्हता. बाकीचे दोन बंधाऱ्यात आणि बियाण्यात गेले होते. तिने अंगावरचे दागिने उतरवले, नवऱ्याचा मुकुट घेतला, झोपाळ्याच्या सोन्याच्या कड्या काढवल्या. अरिमर्दन मधे काही बोलू लागला, त्याला तिने घरी राहायला सांगितलं. गाडीबरोबर ती स्वतः आली.

यक्षाने वजन केलं, मान डोलावली आणि तो पुन्हा आपल्या जागी बसला. दगडाचे पापुद्रे सुटून खाली पडले. कुमुदिनी उभी राहिली, पडली, परत उभी राहिली आणि आत्याला जाऊन बिलगली. मृगावती तिची पावलं कितीतरी वेळ चाचपत होती. आता मात्र तिला रडू आवरेना.

राजाही रडला. मग म्हणाला, की आता चार दिवस राहूनच जा.

"राहते," मृगावती म्हणाली. "पण आधी सोनं पोचलं असं लिहून दे. खाली शिक्का उठव."

"आपल्यात लिहून कशाला लागतं, मृगा?"

"मागच्या वेळी लागलं नाही, म्हणून ही पोर कमरेपर्यंत दगड झाली."

राजाने लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि पदराच्या गाठीला बांधलं. ती चार दिवस राहिली, भाचीला अंगणभर पळवलं. भावाशीही चांगलंच बोलली, परक्या घरी आलेली पाहुणी बोलते तसं.